भूल

दिवाळी आली की आमच्या घरात दोघींचे मुक्काम हलतात. सोप्यात झोपणारी आई माजघरात जाते, आणि दारात झोपणारी हरणी आईच्या बाजेखाली जाते. आईला फटाक्यांचा धूर सोसत नाही, हरणीला आवाज सोसत नाही. मुरगूडची दिवाळी काही मोठ्या शहरासारखी दणदणाटी नसते. तरी नरकचतुर्दशीच्या पहाटे, अंगाला उटणं लागलेलं असतानाच, गल्लीच्या तोंडाला पहिला सुतळी बाँब फुटतो आणि हरणी चारी पाय पोटाशी घेऊन अशी काही कापू लागते की वर बाज कुरकुरते. आई बाजेवरून खाली हात सोडते. तो हात मग फराळाची हाक येईपर्यंत तिथंच असतो.

हरणी ही आमची कुत्री. आठ-नऊ वर्षांपूर्वी वेदगंगेच्या काठच्या एका रानात धनगरांची बकरी बसली होती. त्यांच्याबरोबर एक कारवानी कुत्री होती. लांबट तोंड, आत ओढलेलं पोट, काठीसारखे पाय. तिचं एक पिलू माझ्या मुलीनं धनगराकडून मागून, दप्तरात घालून घरी आणलं. आई म्हणाली, "दुधाचं काय आणायचं सोडून कुत्रं आणलंस व्हय गं?" आणि त्याच संध्याकाळी आपल्या ताटातली दूध-भाकरी तिनं त्या पिलापुढं सरकवली. तेव्हापासून हरणी नावाला मुलीची आणि वागायला आईची.

गेल्या दिवाळीत माझ्या मनानं घेतलं, हिच्या भित्रेपणावर काही तरी इलाज करायचा. एका स्नेह्यांनी गोळी सांगितली. त्यांच्या कुत्र्याला प्रवासाच्या वेळी कुणी तरी दिली होती. "अगदी गार पडतं हो," ते म्हणाले. मी कुणा डॉक्टरला न विचारता ती मिळवली आणि भाकरीच्या घासातून हरणीला चारली. तासाभरात ती खरोखरच गार पडली. कापणं थांबलं, मान जमिनीला टेकली, डोळ्यांच्या कोपऱ्यातून पांढुरका पडदा अर्ध्यावर आला. गल्लीत माळ फुटत होती आणि हरणी हालत नव्हती. मी विजयी मुद्रेनं आईकडं पाहिलं.

आई म्हणाली, "गप हाय, पर भ्यायची थांबली न्हाई. हात लावून बघ की."

मी बरगडीवर हात ठेवला. आत काळीज नुसतं उडत होतं. पण इलाज माझा होता, तेव्हा मी म्हणालो, "औषधानं होत असेल तसं." आणि चकली खायला गेलो.

ती गोळी कसली होती हे मला माघात कळलं, आणि ते कळण्यासाठी हरणीला मरणाच्या उंबऱ्याला शिवून यावं लागलं.

माघाच्या सुरुवातीला हरणी पाणी फार पिऊ लागली. तिचं जर्मनचं भांडं दिवसातून चार वेळा भरावं लागे. मग तिनं भाकरी सोडली. मग दूधही सोडलं. शेपटीखाली चिकट, घाण वासाचा स्राव दिसू लागला तेव्हा गावातल्या जनावरांच्या डॉक्टरांनी पोट चाचपलं आणि सांगितलं, "गर्भपिशवीत पू झालाय. पिशवी काढून टाकण्याखेरीज उपाय नाही, आणि उद्यावर टाकू नका. कोल्हापूरला न्या." पिशवी शाबूत असलेल्या, वयानं उतरलेल्या कुत्रीला माजावर येऊन गेल्यानंतर काही आठवड्यांनी हे दुखणं पुष्कळदा होतं. लहानपणीच शस्त्रक्रिया केली असती तर हा प्रसंग आला नसता, हेही त्यांनी सांगितलं. ते ऐकून मी मान खाली घातली.

घरात चर्चा झाली. भूल सोसेल का, हाच सगळ्यांच्या मनातला प्रश्न. वय झालेलं, अंगात ताप, तीन दिवस पोटात अन्न नाही. हिनं विचारलं, "अहो, टेबलावरच काही झालं तर? त्यापेक्षा घरी, आपल्या माणसांत..." मुलगी रडू लागली. आई तेवढी उठली, तिनं आपली जुनी वाकळ काखोटीला मारली आणि म्हणाली, "बोलत काय बसलायसा? गाडी बगा. मीबी येनार."

शेजाऱ्यांच्या ओम्नीतून आम्ही निघालो. कागल मागं पडेपर्यंत कुणी बोललं नाही. हरणीचं डोकं आईच्या मांडीवर होतं.

कोल्हापुरातले डॉक्टर तरुण होते. त्यांनी घाई केली नाही, हे मला प्रथम विचित्र वाटलं. रक्त तपासलं, शिरेत सुई बसवून सलाईन चढवलं, आणि अंगात थोडं पाणी जाऊन रक्तदाब सुधारेपर्यंत थांबायचं ठरवलं. तेवढ्या वेळात ते आमच्याशी बोलले. "भुलीत धोका असतो का?" असं मी विचारलं तेव्हा त्यांनी मला लहान मुलासारखं समजावलं नाही, सरळ आकडे सांगितले. इंग्लंडमध्ये २००२ ते २००४ या काळात सुमारे ९८ हजार कुत्र्यांना दिलेल्या भुलीची नोंद ठेवली गेली. निरोगी कुत्र्यांत सुमारे दोन हजारांत एक दगावलं. आजारी कुत्र्यांत सुमारे पंचाहत्तरात एक. "हरणी दुसऱ्या रांगेत आहे," ते म्हणाले. "पण शस्त्रक्रिया केली नाही तर कुठल्याच रांगेत राहणार नाही."

मग त्यांनी कागद पुढं केला. भुलीत जनावरास काही बरंवाईट झाल्यास वगैरे. मी सही केली. सही करताना मला वाटलं, असा कागद आपण पूर्वी कधी तरी सही केलेला आहे. पण तेव्हा ते मनात ठरलं नाही.

दिवाळीतल्या गोळीची गोष्ट मी त्यांना सांगितली. लपवण्यात अर्थ नव्हता. पूर्वी कुठलं औषध दिलं होतं हे भूल देणाऱ्याला माहीत असावं लागतं. नाव ऐकून त्यांनी मान हलवली. "ॲसिप्रोमाझिन. हे औषध वाईट नाही, सर. भुलीच्या आधी आम्हीही बेताच्या मात्रेत वापरतो. पण त्यानं दुखणं थांबत नाही, आणि भीतीही जाते असं नाही. कुत्रं गप्प होतं, एवढंच. आवाज त्याला ऐकू येत असतो. पळायचं बळ मात्र उरत नाही. शिवाय रक्तदाब उतरतो, अंग गार पडतं."

आईनं माझ्याकडं पाहिलं नाही. ते तिचं मोठेपण. मी मात्र वीस वर्षं वर्गात उभा आहे. गप्प बसलेला वर्ग पाहून मी किती वेळा समाधानानं फळ्याकडं वळलो असेन, ते त्या वेळी माझं मला आठवलं.

डॉक्टरांनी हरणीच्या अंगावरून हात फिरवला. "ही कारवानी वळणाची आहे, म्हणजे जपायला हवं," ते म्हणाले. त्याचं कारण ऐकण्यासारखं आहे. मुधोळचे शिकारी कुत्रे, ज्यांचं चित्र २००५ साली आपल्या टपाल तिकिटावर आलं, आपले कारवानी कुत्रे आणि विलायतेतले ग्रेहाउंड हे सगळे एकाच घडणीचे, पळण्यासाठी बनलेले. अंगावर चरबी नावाला. थायोपेंटोन नावाचं शिरेतून द्यायचं जुनं भुलीचं औषध असे. ते मेंदूत चटकन चढतं आणि मग स्नायूंत, चरबीत पसरून मेंदूतून उतरतं. ग्रेहाउंडच्या अंगात त्याला पसरायला जागाच कमी, आणि त्यांचं यकृतही ते सावकाश मोडतं. त्यामुळं दुसरी कुत्री उठून चालू लागतात तेव्हा ही तासन् तास पडून राहतात. मेंढरामागं वाऱ्यासारखं धावणारं जनावर भुलीतून मात्र सगळ्यांच्या मागून घरी येतं! म्हणून हरणीला ते औषध द्यायचं नव्हतं. झायलाझिन नावाचं दुसरं एक औषध पुष्कळ ठिकाणी वापरतात. त्यानं कुत्र्याला बहुधा ओकारी येते, हृदयाचे ठोके फार मंदावतात. आजारी हरणीला तेही नको होतं.

"आधी हिची भीती घालवू," डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी एक लहान इंजेक्शन दिलं. दुखणं आणि धास्ती दोन्ही कमी करणारं. "ही अजून भूल नव्हे. भुलीच्या आधीची तयारी. आता वीस मिनिटं तिच्याजवळ बसा. दिवा मालवतो. मोबाईल बंद ठेवा. बोललात तर हळू बोला."

ती वीस मिनिटं मी विसरणार नाही. एका बाजूच्या लहान खोलीत, फरशीवर वाकळ पसरून, आम्ही चौघं हरणीभोवती बसलो होतो. बाहेर रस्त्यावर गाड्यांची वर्दळ होती. आत फक्त तिचा श्वास. हळूहळू तिचे कान सैल झाले. जिभेचं टोक बाहेर आलं. ती झोपली नव्हती. मुलीनं नाव घेतलं की शेपटीचं टोक हलत होतं. पण सुया टोचून घेतलेल्या पायाची धास्ती गेली होती. मी बरगडीवर हात ठेवला. या खेपेला काळीज उडत नव्हतं.

डॉक्टर परत आले तेव्हा आई त्यांना म्हणाली, "बरं करतायसा बाबा. मुक्या जनावराला आदी धीर देतायसा. माझं पोट फाडलं तवा मला कुनी एवढंबी केलं न्हवतं."

ती हे तक्रारीच्या सुरात म्हणाली नाही. भाजी आज स्वस्त आहे, अशा सुरात म्हणाली. डॉक्टर हसले आणि कामाला लागले. त्यांनी पायातल्या सुईतून प्रोपोफॉल सोडलं. ते दिसायला पांढरंशुभ्र असतं. "दूधच की वो!" आई म्हणाली. ते दूध शिरेत जाता जाता हरणीचं डोकं आईच्या हातावर जड झालं. दहा आकडे मोजायलाही वेळ लागला नाही. या औषधानं काही क्षण श्वास थांबू शकतो. म्हणून लगेच तिच्या श्वासनलिकेत नळी घातली आणि नळीतून प्राणवायू व भुलीचा वायू सुरू केला. मग दार लागलं आणि आम्ही बाहेरच्या बाकावर आलो.

तो मघाचा कागद मला तिथं आठवला. बारा वर्षांपूर्वी आईची गर्भपिशवी काढली होती. तिच्यासाठी असाच कागद मी सही केला होता. कागद मी भरला, पैसे मी भरले, आणि 'आत कुणी थांबायचं नाही' असं कुणी तरी म्हटल्यावर मी बाहेर येऊन सहामाहीचे पेपर तपासत बसलो. आईला चाकाच्या खाटेवरून नेलं तेव्हा मी हात हलवला होता. तिला काय वाटतंय, हे मी विचारलं नव्हतं. आणि विचारलं नाही, हे बारा वर्षं माझ्या ध्यानातही आलं नव्हतं.

'भूल' हा आपला शब्द मोठा नेमका आहे. वाटसरूला रानात भूल पडते आणि तो फिरून त्याच झाडाशी येतो. दुकानदार पावतीच्या तळाशी 'भूलचूक देणे घेणे' लिहितो. शस्त्रक्रियेच्या वेळी देतात तीही भूलच. तिन्हीत माणूस काही काळ आपल्यापाशी नसतो. फरक इतकाच, की डॉक्टरांनी दिलेली भूल घड्याळ लावून उतरते. बाकीच्या भुली बारा-बारा वर्षं टिकतात.

त्या दिवसापासून मी या भुलीच्या मागं लागलो. मिळेल ते वाचलं. शस्त्र चालवण्यापूर्वी रोग्याला खाऊ घालावं आणि पिणाऱ्याला मद्य पाजावं, म्हणजे वेदना कळत नाही, असं आपल्या सुश्रुतानं सांगून ठेवलं आहे. आजचे डॉक्टर नेमकं उलट सांगतात: पोट रिकामं हवं, कारण भुलीत ओकारी झाली तर अन्न श्वासनलिकेत जाऊन जीव जातो. शिरेतून गुंगी आणण्याचा पहिला प्रयोग झाला तोही एका कुत्र्यावर. १६५६ साली ऑक्सफर्डला क्रिस्टोफर रेन या तरुणानं, ज्यानं पुढं लंडनचं सेंट पॉल देवालय उभारलं त्यानंच, कुत्र्याच्या शिरेत मद्यात कालवलेली अफू सोडली. कुत्रं गुंगलं. ते मरू नये म्हणून त्याला चाबकानं बागेतून पळवत ठेवलं. ते जगलं, चांगलं लठ्ठ झालं, आणि त्याची इतकी कीर्ती झाली की कुणी तरी ते चोरून नेलं! रॉबर्ट बॉइल या शास्त्रज्ञानं ही हकीकत लिहून ठेवली आहे. ती वाचून माझी मुलगी पोट धरधरून हसली आणि मग म्हणाली, "पण पप्पा, त्याला विचारलं होतं का?"

१८४६ साली बॉस्टनला ईथर आलं, १८४७ साली एडिंबरोच्या सिम्पसननं क्लोरोफॉर्म आणलं, आणि १८४८ च्या जानेवारीतच क्लोरोफॉर्मचा पहिला बळी गेला. हॅना ग्रीनर नावाची पंधरा वर्षांची इंग्लिश पोर. पायाच्या बोटाचं नख काढायचं होतं, एवढंच. ती आधीपासून भ्यालेली होती, रडत होती. औषध हुंगवलं आणि दोन-तीन मिनिटांत ती गेली. अशी माणसं पुढंही मरत राहिली. पुष्कळशी ऐन सुरुवातीला, चाकू लागतो न लागतो तोच. श्वास आधी थांबतो की हृदय, यावर डॉक्टरांत जोराचा वाद पेटला.

तो वाद मिटवायचा प्रयत्न झाला तो आपल्या शेजारी, हैदराबादला. आपला मराठवाडा ज्या निजामाच्या राज्यात होता त्याच्या राजधानीत. १८८८ आणि १८८९ साली तिथं दोन क्लोरोफॉर्म कमिशनं बसली. एडवर्ड लॉरी हे तिथले शल्यवैद्य पुढारी, आणि खर्च निजाम सरकारचा. दुसऱ्या खेपेला खास विलायतेहून लॉडर ब्रंटन हे नाणावलेले डॉक्टर आले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले आणि त्यांत मोठा भरणा कुत्र्यांचा. निष्कर्ष निघाला: श्वासावर नजर ठेवा, हृदय आधी थांबत नाही. निष्कर्षाचा पहिला भाग मोलाचा होता, दुसरा चुकला होता. १९११ साली गुडमन लेव्ही या इंग्लिश डॉक्टरनं मांजरांवरच्या प्रयोगांतून दाखवून दिलं की क्लोरोफॉर्मची भूल अर्धीकच्ची असताना अंगात ॲड्रेनलिन उसळलं, तर हृदय एकाएकी फडफडून थांबतं. आणि ॲड्रेनलिन केव्हा उसळतं? माणूस किंवा जनावर भ्यालं म्हणजे. औषध, भीती आणि वेळ, तिघांची गाठ पडली की घात.

क्लोरोफॉर्म आता गेलं. आजची औषधं त्याच्यापेक्षा पुष्कळ सौम्य आहेत. पण भ्यालेल्या जनावराचं हृदय आजही तसंच धावतं; त्याला भूल चढवायला औषध जास्त लागतं, आणि जास्त औषधाचा बोजा हृदयावर, श्वासावर पडतो. आधी धीर दिला की मुख्य औषध थोडं पुरतं. डॉक्टरांनी हरणीला दिलेलं ते लहान इंजेक्शन आणि ती अंधारातली वीस मिनिटं हा नुसता दयाळूपणा नव्हता. ते शास्त्रच होतं. दया आणि शास्त्र एका वाटेनं चालताना पाहण्याचा योग मास्तरकीत फारसा येत नाही. म्हणून मला त्याचं अप्रूप वाटलं.

दीड तासानं दार उघडलं. हरणी जगली होती.

पण आमची खरी परीक्षा त्यानंतर होती. डॉक्टरांनी बजावलं होतं: भुलीत दगावलेल्या कुत्र्यांपैकी जवळजवळ निम्मी शस्त्रक्रिया आटोपल्यावर दगावतात, आणि त्यांतलीही बरीचशी पहिल्या तीन तासांत. म्हणून त्यांनी आम्हांला संध्याकाळपर्यंत हलू दिलं नाही. नळी काढल्यावर हरणी खोकली. तिचं अंग गार होतं. भुलीत देह आपली ऊब राखू शकत नाही, आणि हाडकुळं जनावर तर लवकर निवतं. मग ती थरथरू लागली. आणि मग रडू लागली.

ते रडणं मी पूर्वी कधी ऐकलं नव्हतं. कुत्र्याचं विव्हळणं नव्हे, केकाटणं नव्हे. एक लांबच लांब, उंच सूर, ज्याला कुणाची ओळख नाही असा. डोळे उघडे होते, पण ते आमच्यातून आरपार पाहत होते. पाय हवेत चालत होते. माझी मुलगी "हरणे" म्हणून जवळ गेली, तर हरणीनं तिच्यावर दात काढले. आठ वर्षांत पहिल्यांदा. मुलगी मागं सरली आणि भिंतीला लागून मुसमुसू लागली. "ती मला विसरली."

डॉक्टरांनी तपासलं, वेदनेचं औषध पुरेसं आहे ना याची खात्री केली, आणि म्हणाले, "हे दुखण्याचं रडणं नाही. भूल उतरताना मेंदूचे भाग एकदम जागे होत नाहीत. आधी आवाज, उजेड, हालचाल येते. ओळख मागून येते. तोवर ती घाबरते. थोड्या वेळानं ओसरेल. तोंडाजवळ जाऊ नका, मोठ्यानं हाका मारू नका."

आम्ही तिघंही दूर उभे राहिलो. आई मात्र खाली बसली. तोंडाकडून नव्हे, पाठीकडून. वाकळेचा एक पदर तिनं हरणीच्या अंगावर ओढला आणि पाठीवर पंजा ठेवला. थोपटला नाही, फिरवला नाही. नुसता ठेवला. "तिला आपन कुठं हाय ते कळंना झालंय," ती म्हणाली. "हात असला म्हंजे जिमीन असती."

अर्ध्या तासानं तो सूर बारीक होत थांबला. हरणीनं मान उचलायचा प्रयत्न केला, नाक आईच्या लुगड्याशी नेलं, वास घेतला आणि सुस्कारा सोडून मान टाकली. ओळख परत आली होती.

रात्री आम्ही मुरगूडला आलो. पाणी घोट घोट द्यायचं, अन्न सकाळी थोडंसं, जिन्याजवळ जाऊ द्यायचं नाही, ऊब द्यायची पण गरम पाण्याची बाटली उघडी अंगाला लावायची नाही, कारण भाजलेलं तिला कळणार नाही; अशा सूचनांचा कागद मी पाठ केला होता. आईनं कागद पाहिला नाही. ती हरणीजवळ माजघरात जमिनीवर आडवी झाली. मीही तिथंच भिंतीला टेकून बसलो.

मध्यरात्री केव्हा तरी मी विचारलं, "आई, तुझ्या वेळी तुला काय झालं होतं?"

बराच वेळ ती बोलली नाही. मला वाटलं, झोपली.

"सुद्द आली तवा मला वाटलं, मी मेले," ती म्हणाली. "वर पांढरं, खाली पांढरं. थंडी वाजत हुती. मी म्हनं तुझ्या बाला हाका मारत हुते. त्यांस्नी जाऊन तवा पाच वरसं झाली हुती. तितली बाई म्हनाली, आजी, वरडू नका, दुसऱ्या बायका झोपल्यात. मग मी वरडले न्हाई."

"आणि मी?"

"तू हुतास की. भाईर. पेपर तपासत हुतास."

हरणी झोपेत खोकली. आईनं तिच्या पाठीवर हात ठेवला. मी काही तरी म्हणायला हवं होतं. कादंबरीत मी अशा जागी पात्रांच्या तोंडी चांगली वाक्यं घातलेली आहेत. त्या रात्री त्यांतलं एकही कामाला आलं नाही. मी सरकून आईजवळ गेलो आणि तिच्या पाठीवर हात ठेवला. थोपटला नाही, फिरवला नाही. तिनं हात झटकला नाही. "गार हाय तुझा हात," एवढं म्हणाली.

हरणी दोन दिवस गुंगीत चालली, चार दिवस खोकली, दहाव्या दिवशी टाके निघाले. आता ती सर पिराजीराव तलावाच्या बांधावर माझ्याबरोबर फिरायला येते आणि बगळ्यांना उगाच उठवते. भुलीचं तिला काही आठवत नसावं. मुलीवर दात काढल्याचंही नाही. मुलीनंही ती गोष्ट सोडून दिली आहे.

या दिवाळीत हरणीला ती गोळी मिळणार नाही. फटाक्यांच्या भीतीवर आता खरोखर भीती कमी करणारी औषधं आहेत, पण ती जनावर तपासून डॉक्टरांनीच ठरवायची. ते मी त्यांना विचारलं आहे. बाकी माजघराच्या खिडक्या बंद करू, रेडिओ लावू, आणि बाजेवरून हात खाली येईलच.

दिवाळीनंतर आईच्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायचा आहे. तारीख मिळाली. मी शाळेत रजेचा अर्ज दिला, तर आई रागावली. "डोळ्याला निस्ती जागच्या जागी भूल असती म्हनं. घटकाभराचं काम. कशाला रजा खर्चतोस?"

"घटकाभरासाठी नाही," मी म्हणालो. "त्याच्या आधीच्या वीस मिनिटांसाठी."

आई काही बोलली नाही. बाजेखाली हरणीचं शेपूट एकदा जमिनीवर आपटलं.